आधी डोळा दाखवा

"आधी डोळा दाखवा. बंदूक मंग." असं म्हणत तो समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायचा आणि तोंड उजेडाकडे वळवायचा. समोर कोण आहे याची त्याला पर्वा नसे. आमच्या तहसीलदारसाहेबांची हनुवटीही त्याने धरलेली मी पाहिली आहे.

बोथच्या तहसील कचेरीत मी कारकून होतो आणि तो ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. एका जागी बसणं त्याला जमतच नसे. थोडी कानस चालवली की उठून ओट्यावर दोन फेऱ्या, मग पुन्हा कानस. त्याच्याशी बोलायचं तर आपणही फेऱ्या माराव्या लागत.

रानडुकरांपासून ज्वारी राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या बंदुका असत. वय झालं की नळीवरची मागची खाच, जिच्यातून टोकावरचा दाणा, म्हणजे माशी, धरून नेम साधतात, ती डोळ्याला धूसर होते. मिस्त्री ती काढून माशीच्या दिशेने पुढे बसवून द्यायचा. "बापू, डोळा काय इथंच थांबनार हाये? दोन बोटं जास्तीच पुढं देतो." तेवढ्यावर म्हाताऱ्याची पुढची दहा वर्षं निघत.

पोलीस ॲक्शननंतर सगळ्या बंदुका कचेरीच्या कोठीत जमा झाल्या. सात-आठ वर्षांनी त्या परत द्यायचा हुकूम आला तेव्हा भाषावार प्रांतरचनेत आमचं राज्यच मोडायला निघालं होतं. कोण इथे राहणार, कोण कुठे जाणार, कोणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. माझाही नांदेडकडे बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता. त्यात कोठी उघडली, तर बंदुकांच्या चिठ्ठ्या आणि परवान्यांचं रजिस्टर वाळवीने फस्त केलेलं.

"त्यात काय?" मिस्त्री म्हणाला. "माणसाच्या डोळ्यावर बसवल्या मी. ज्याले खाच साफ दिसन, त्याची बंदूक."

दुसरा इलाज नव्हता. साहेबांनी तसाच हुकूम लिहिला.

तीन दिवस वाटप चाललं. एकाने दुसऱ्याची चांगली नळी हेरून "साफ दिसते" म्हटलं. मिस्त्रीने त्याची हनुवटी धरली. "डोळा बारीक काऊन करून राह्यला? ठेव खाली." कचेरी खो खो हसली.

शेवटी एक बंदूक उरली. ती मिस्त्रीची स्वतःची होती, हे शिपायालाही ठाऊक होतं. त्याने ती खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. तो एका जागी इतका वेळ उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"माझी नाही," तो म्हणाला. "खाच दिसून नाही राह्यली."

सगळ्यांच्या खाचा त्याने पुढचं वय धरून बसवल्या होत्या. स्वतःची मात्र तरुण डोळ्याची तशीच राहून गेली होती.

"मिस्त्री, दिसते म्हणा ना!" मी चिडलोच.

"डोळ्याबद्दल खोटं बोललो, तं उद्या कोनाची हनुवटी धरू?"

उरलेली बंदूक आदिलाबादला मोडीत जाणार होती. त्याने ती माझ्या हातात दिली. "तुमी पाहा, बाबू. दिसली तं तुमची. निदान ती जित्ती राहीन."

मी बंदूक खांद्याला लावली. खाच स्वच्छ दिसत होती, तिच्यात माशी नेमकी बसलेली. पण दारात साहेब उभे होते. वाटप करणाऱ्या कारकुनानेच बंदूक ठेवून घेतली म्हटल्यावर माझ्या अर्जाचं काय होणार, तेवढंच मला सुचलं.

"मलाही दिसत नाही," मी म्हणालो.

त्याने माझी हनुवटी धरली. उजेडाकडे वळवली. बराच वेळ पाहिलं.

"डोळा चांगला हाये, बाबू," एवढंच म्हणून बोटं काढून घेतली आणि पायऱ्या उतरून गेला.

माझी बदली झाली. तो इचोड्याकडे निघून गेल्याचं कोणीतरी सांगितलं. पुन्हा भेट नाही.

आता मी वर्तमानपत्र हात लांब करून वाचतो. त्या दिवसाची शरम अजून गेलेली नाही. ती खाच आज मला खरोखरच दिसणार नाही, पण हे खरं सांगायला हनुवटी पुढे करावी, तर ती धरणारा उरलेला नाही.