टेंबेबाई सिलोनला निघाल्या

आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या पाच होत्या आणि मास्तरणी सहा. म्हणजे एक जण कायम उभी! आणि उभ्या माणसाला बोलल्याशिवाय चैन पडत नाही. त्या खोलीत किस्से इतके का साठले, याचं कारण मला तरी हेच वाटतं. सहावी खुर्ची आली असती तर आज माझ्याकडे सांगायला काही उरलं नसतं.

उज्जैनला फ्रीगंजातल्या मुलींच्या सरकारी शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. देश स्वतंत्र होऊन नऊ वर्षं झाली होती. भूगोलाला टेंबेबाई होत्या. वय चव्वेचाळीस. सतराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे राहायच्या आणि वीस वर्षं शिकवत होत्या. आवाज इतका हळू की मागच्या बाकावरच्या मुलींना निम्मे देश ऐकूच यायचे नाहीत.

त्या दिवशी उभं राहायची पाळी त्यांची होती. बाहेर पाऊस, हातात पेरू. म्हणाल्या, "येत्या उन्हाळ्यात मी सिलोनला जाणार."

शिवणाच्या नाटूबाईंनी मान वर केली. "सिलोन? पण गाणी ऐकायला तुमच्याकडे रेडिओ कुठे आहे?"

"रेडिओ नाही हो. देश. सिलोन देश."

"आमच्याकडे तर लागतच नाही, नुसती खरखर येते," नाटूबाई म्हणाल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बाई! जाणार म्हणजे जाणार? कुणाबरोबर?"

"एकटी."

"एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?"

टेंबेबाईंनी पेरू खाल्ला.

* * *

सरकारी नोकराला देशाबाहेर जायचं तर वरून परवानगी लागते. अर्ज ग्वाल्हेरला गेला. तो तिथे पोचून स्थिरावतो न स्थिरावतो तोच आमचं मध्य भारत राज्यच संपलं! मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ. सगळीकडे फायली बांधल्या जात होत्या, कोण कुठे चाललंय कुणालाच पता नाही. अर्ज परत आला. सोबत चिठ्ठी: अर्ज भोपाळला करावा, आणि आवेदिका मूळची कुठल्या राज्याची ते स्पष्ट लिहावं.

आमच्या हेडमिस्ट्रेस शुक्लाबाई. त्यांना सगळे बडी बहनजी म्हणायचे. उंच, करड्या, आणि कशावरही पटकन विश्वास न ठेवणाऱ्या. मुलींनी ताप आहे म्हटलं तरी स्वतः कपाळाला हात लावून बघायच्या. त्यांनी टेंबेबाईंना बोलावलं. मी हजेरीपट घेऊन तिथेच उभी.

"टेंबेजी, ठीक से बताओ, तुम कहाँ की हो?"

"बहनजी, मैं तो यहीं की यहीं हूँ," टेंबेबाई म्हणाल्या. "रियासत में पैदा हुई, मध्य भारत में पढ़ाया, अब मध्य प्रदेश में हूँ. कुर्सी से उठे बिना तीन राज घूम आई. अब ज़रा उठकर एक देश देख लूँ?"

इतकं लांब वाक्य त्या बोललेल्या मी प्रथमच ऐकलं. बडी बहनजींनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग अर्जावर शेरा मारला: 'आवेदिका उज्जैन की हैं. राज्य कृपया आप भर लें.'

फेब्रुवारीत परवानगी आली. राज्याचा रकाना कोराच होता!

* * *

टेंबेबाईंच्या वहिनींना हे सगळं बिलकुल पसंत नव्हतं. बाईमाणसानं समुद्र ओलांडायचा म्हणजे काय! त्यांनी ननदेला राम घाटावर घराण्याच्या पंड्याजींकडे नेलं. पंड्याजी मनाई करतील, झंझट मिटेल, असा हिशेब. मला साक्षीला नेलं होतं. कुणाच्या बाजूनं, ते दोघींनीही सांगितलं नाही.

पंड्याजी म्हातारे, छत्रीखाली बसलेले, पंचांगाचे मोठे अभ्यासू. लंकेचं नाव ऐकताच खूश झाले. "लंका? अरे, लंका और उज्जैन तो एक ही रेखा पर हैं! पुराना गणित है. बाई, आप तो सीधी लाइन में जा रही हो."

टेंबेबाई भूगोलाच्या. त्या हळूच म्हणाल्या, "पंड्याजी, वह गणित वाली लंका थोड़ी अलग जगह है..."

वहिनींनी त्यांना गप्प केलं. "ते रेषेचं राहू द्या. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त काय, ते सांगा!"

पंड्याजींनी डोळे मिटले. वहिनी पुढे सरकल्या. डोळे उघडून ते म्हणाले, "रामजी ने रामेश्वर में पूजा की थी. पर वह रावण को मारने की थी, समुंदर की नहीं." मग काळजीनं टेंबेबाईंकडे वळले. "आप वहाँ किसी को मारेंगी तो नहीं?"

"नहीं."

"तो फिर जाइए!"



* * *

प्रवास स्वस्तात करायचा होता. थर्ड क्लास, मग बस, आणि राहायला शाळा! उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या खोल्या रिकाम्याच असतात, एक खाट मिळायला काय हरकत, हे बाईंचं गणित. तिकडे सुटी कधी असते हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी नकाशा उघडून बेटावरची गावं निवडली आणि सहा पत्रं टाकली. पत्ता एकच: मुख्याध्यापिका, मुलींची शाळा, अमुक गाव, सिलोन.

आम्ही हसलो. पण पाच उत्तरं आली!

जाफन्याहून आलं: सध्या भूगोलाची जागा रिकामी नाही, तरी आपला अर्ज फाइलला ठेवला आहे. कोलंबोनं विचारलं, आपल्याबरोबर मुली किती आणि शिक्षिका किती? कँडी आणि त्रिंकोमालीनं मात्र सरळ 'या' म्हणून लिहिलं.

पाचवं पत्र गॉलहून. ते सबंध त्यांच्या लिपीत! आम्ही ते सरळ धरलं, उलटं धरलं. नाटूबाई म्हणाल्या, हा भरतकामाचा नमुना आहे. रेल्वे कॉलनीत एक मद्रासी गार्ड राहत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, काढला. "ही तमिळ नाही. तेलुगूही नाही. एवढंच खात्रीनं सांगतो."

आता हे 'या' आहे की 'येऊ नका'? स्टाफरूममध्ये दोन तट पडले. टेंबेबाई पत्र न्याहाळत होत्या.

"यांनी 'या' म्हटलंय," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"अक्षरं बघ किती गोल आहेत. नाही म्हणणाऱ्याचं अक्षर इतकं गोल येत नाही."

आणि गॉलच्या पुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

* * *

एप्रिलमध्ये त्यांचे भाऊ, अण्णा, शाळेत आले. कचेरीत कारकून होते, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बहीण वर्गावर होती. स्टाफरूममध्ये मी एकटीच, पेपर तपासत बसलेले.

अण्णा समोर बसले. टोपी काढली, परत घातली. गेले काही महिने ते बहिणीसाठी सोबत शोधत होते हे मला ठाऊक होतं. कुणाची मावशी, कुणाची आत्या. एक सोबत तर पंच्याऐंशी वर्षांची निघाली. तिलाच सोबत लागत होती!

"तुम्ही तिच्या जवळच्या," ते म्हणाले. "एक विचारू? ती परत येणार ना?"

मला काही कळेचना. "म्हणजे?"

"सत्तावीस वर्षं आमच्याकडे आहे. कधी काही मागितलं नाही. आता एकदम देशच सोडून निघाली. आमच्या घरात तिला काही कमी पडलं का? ही तिला उगीच काही बोलली का? मला सांगत नाही. तुम्हाला तरी सांगितलं असेल."

लोक काय म्हणतील म्हणून हा माणूस अडवतोय, असंच आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. आणि हा घाबरला होता वेगळ्याच गोष्टीला.

दारात टेंबेबाई उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मी वीस वर्षं मुलींना सांगतेय, पृथ्वीवर पाऊण भाग पाणी आहे. मी आजवर पाहिली ती फक्त शिप्रा."

अण्णांचा हात टोपीकडे गेला.

"आणि उन्हाळ्यात तीही नसते!"

अण्णा हसले की रडले, मला नीट दिसलं नाही. त्यांनी टोपी काढली ती परत घातलीच नाही, तशीच विसरून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःचा अंथरुणाचा होल्डॉल बहिणीला दिला. स्टेशनवर तो स्वतः बांधला, तीन गाठी मारून. गाठी अशा घट्ट की त्या थेट मद्रासला सुटल्या, त्याही एका हमालानं दातांनी सोडवल्या तेव्हा!

* * *

पुढचं सगळं बाई परत आल्यावर कळलं. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आल्या. रापलेल्या, बारीक झालेल्या, आणि आवाज चांगला दुप्पट मोठा! बसमध्ये कंडक्टरला ऐकू जाईना म्हणून वाढवला, म्हणाल्या.

त्यांच्या घरी आम्ही सगळ्या जमलो. अण्णा दाराशी पेपर वाचत होते. पेपरचं पान काही उलटत नव्हतं.

गाडीत चढल्यापासून जो तो एकच विचारी. किसके साथ? इटारसीपर्यंत बाई खरं सांगत होत्या. एकटी म्हटलं की अख्खा जनाना डबा गोळा व्हायचा. कुणी धीर द्यायची, कुणी रडायची. शेवटी कंटाळून त्यांनी सांगितलं, "भाई आगे के डिब्बे में बैठे हैं."

"मग सुटलात?" नाटूबाईंनी विचारलं.

"सुटते कसली! प्रत्येकीला भावाची काळजी. एकीनं त्याच्यासाठी पुऱ्या दिल्या. मद्रासकडे इडल्या. एका आजींनी तर त्याला खोकला आहे का विचारून सुंठ दिली. मी पुढच्या स्टेशनवर उतरायचे, फलाटावर एक फेरी मारायचे, स्वतःच खायचे आणि रिकामी पुडी दाखवायचे. बोट सुटते त्या धनुष्कोडीपर्यंत जेवणाला एक पैसा पडला नाही!"

दाराशी पेपर खाली आला. "म्हणजे माझ्या वाटच्या पुऱ्या तू खाल्ल्यास?" अण्णा म्हणाले.

* * *

गॉलच्या त्या गोल अक्षरांचंही विचारलं. "त्यात 'येऊ नका' लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "डागडुजी चालली होती म्हणे. त्या बाईंनी मला वाढता वाढता वाचून दाखवलं, इंग्रजी करून. दोघी इतक्या हसलो की भात गार झाला. चार दिवस राहिले मी तिथे."

आणि समुद्र? पहिल्यांदा कसा दिसला?

यावर त्या जरा गोंधळल्या. "पांबनचा पूल आला. गाडी एकदम हळू झाली. मी डावीकडे बघितलं, तर पाणी. उजवीकडे बघितलं, तर पाणी. वीस वर्षं थांबले, आणि ऐन वेळी कुठल्या खिडकीशी जावं तेच कळेना! मधेच उभी राहिले, बघ. पूल संपेपर्यंत."

* * *

शाळा उघडली. सहावीच्या वर्गात टेंबेबाईंनी पिशवीतून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढली. आत पाणी. त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावरून भरून, मेणानं बूच बंद करून, बोटीतून आणि आगगाडीतून आणलेलं.

मुलींची रांग लागली. प्रत्येकीच्या तळव्यावर एक थेंब. मुली चाटत होत्या, तोंडं वाकडी करत होत्या, एकमेकींवर खिदळत होत्या. बातमी पसरली तशी सातवी आली, पाचवी आली. नाटूबाई आल्या. मीही हात पुढे केला. उज्जैन सोडून इंदूरपलीकडे न गेलेल्या आम्ही सगळ्या, समुद्र चाटत उभ्या!

गलका ऐकून बडी बहनजी आल्या. मुली भिंतीला लागल्या. बहनजींनी बाटलीकडे बघितलं, टेंबेबाईंकडे बघितलं.

"यह क्या है?"

"समुंदर है, बहनजी."

बहनजी टेबलाजवळ गेल्या, बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला. टेंबेबाईंनी थेंब टाकला. बहनजींनी तो जिभेला लावला. डोळे बारीक केले. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"नमक तो तुमने मिलाया है," त्या म्हणाल्या.

टेंबेबाईंनी मान हलवली. नाही.

बडी बहनजींनी खिडकीतून बाहेर बघितलं, फ्रीगंजाच्या रस्त्याकडे. आणि तिथेच बघत त्यांनी हात पुन्हा पुढे केला.