तहानीचं पोट आणि माझा तलाक

इजिप्तमधल्या आमच्या दमनहूर गावात कुणाला काहीही झालं तरी ‘कोलोन’ म्हणतात, म्हणजे मोठं आतडं. डोकं दुखलं, कोलोन. सुनेशी वाजलं, कोलोन. सगळ्या गावाचंच आतडं बिघडलेलं, त्यामुळे जिचं खरोखर बिघडलं होतं त्या माझ्या धाकट्या बहिणीवर कुणी विश्वास ठेवेना.

तहानी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. लग्न केलं नाही. तरुणपणापासून तिचं पोट चार-चार दिवस साफ होत नसे, फुगून नगारा व्हायचं. बाजारातल्या जडीबुटीवाल्या मेल्याने सोनामुखीच्या पुड्या देऊन देऊन तिला नुसती पिळून काढली. शेवटी तांता शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं नीट ऐकून घेतलं. इसबगोल, तेही हळूहळू वाढवत, वर भरपूर पाणी. मॅग्नेशियमची गोळी. सकाळी किवी. कांदा, लसूण, कोबी, न्याहारीची बाकल्याची उसळ, सगळं बंद, भाकरी नावापुरती. सुरुवातीला काही फरक पडेना, मीच म्हटलं सोड हे खूळ. तिने सोडलं नाही. आता कुठे ती माणसासारखी जगायला लागली होती.

आणि आमच्या घरी हा माझा नवरा मोअती. फरशांचा दुकानदार, जीभ मात्र दगडाची. पाहुणा चहा नको म्हणाला की हा तलाकची शपथ घालायचा, ‘नाही घेतलास तर माझ्या बायकोला तलाक!’ गाडीभाडं कोण देणार, तलाक! शपथ हा खाणार आणि संसार माझा टांगणीला. दोनदा पाहुणे न जेवता उठले, शपथ मोडली, दोनदा हा मशिदीतल्या शेखसाहेबांकडे पळाला. ‘मनात तलाक नव्हता ना? मग गरिबांना जेवू घाल,’ म्हणून त्यांनी सोडवलं. पण दुसऱ्यांदा बजावलं, ‘तिसऱ्यांदा माझ्या दारात यायचं नाही. बायको गेली समज.’

त्या शुक्रवारी मी कोबीची महशी केली होती, भात भरून गुंडाळलेली, कांदा घालून. तहानीसाठी वेगळा साधा भात, उकडलेली कोंबडी, गाजर. मोअतीने तिचं ताट पाहिलं आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“हे आजाऱ्याचं खाणं माझ्या घरात?”

“अबू वाएल,” आमच्या वाएलचा बाप म्हणून तहानी त्याला अशीच हाक मारायची, “मला कोबी चालत नाही. माहितीय तुम्हाला.”

“नाटकं नुसती! नवरा नाही, पोर नाही, मग करा पोटाचे लाड! एक खाऊन काय मरतेस?”

“मरत नाही. आठवडाभर संडासाच्या दारात बसते.”

मी हसले. तेच त्याला लागलं. टेबलावर मूठ आपटून तो ओरडला, “तुझ्या बहिणीला तलाक, ही महशी खाल्ली नाहीस तर!”

तहानीचा चेहरा पांढरा पडला. शेखसाहेब काय म्हणाले होते ते तिला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि एक महशी उचलली. समोर हा मिशीवरून हात फिरवत होता. मला त्याची किळस आली. तिच्या बोटांतून ती महशी काढून मी त्याच्या ताटात टाकली.

“ताई, खाऊ दे गं. एकच तर आहे.”

“खबरदार! माझा संसार हा तुझ्या पोटात कोंबतोय.”

“अगं वेडे, शपथ लागेल!” मोअती आता चाचरत होता.

“लागू दे.”

मी तहानीबरोबर निघाले ते तिच्या घरी. इकडे तो पळाला शेखसाहेबांकडेच. बजावलं-बिजावलं सगळं विसरून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, गरिबांना जेवू घाल. संध्याकाळी मोअतीचा निरोप आला, शपथ लागली नाही, परत ये.

मी उलट निरोप धाडला: “शेखसाहेबांना लागली नसेल. मला लागली.”