वळणावरचा नारळ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मित्रांना नाही, आणि ज्या बाईबद्दल हे आहे तिला तर नाहीच. लिहायला अनेकदा बसलो. दरवेळी भलतंच काही लिहून उठलो. एकदा तर कोकणातल्या घरांच्या छपरांवर लेख झाला, छापूनही आला, दोन-चार वाचकांची शाबासकीची पत्रं आली. तुम्ही तो वाचला असेल तर विसरा. तो लेख म्हणजे हे न सांगण्याची युक्ती होती.

मला ओळखणारे मला टिंगलखोर म्हणून ओळखतात. पुण्यात एका कॉलेजात शिकवतो आणि फावल्या वेळात समारंभांची थट्टा करतो. सत्कारमूर्तीचं घराणं थेट पेशवाईपर्यंत नेऊन पोचवणारे वक्ते, खांद्यावरून घसरणारी शाल, आणि ते श्रीफळ — ज्याची दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी चटणी होते, पण ते स्वीकारताना चेहरा असा, जणू राज्याभिषेक चाललाय. यावर मी पुष्कळ लिहिलंय. लोक हसलेत. मग माझ्या स्वतःच्या डामडौलाबद्दल कुणी का लिहिलं नाही? कारण तो कुणाला ठाऊकच नव्हता.

तो असा. आमचं लहानपणीचं घर मुंबई-गोवा रस्त्याला लागून होतं, हातखंब्याच्या पुढे, एका वळणावर. मी सहा-सात वर्षांचा असताना आम्ही ते सोडलं. पुण्यात गप्पा निघाल्या की मी त्या घराचं वर्णन करायचो : जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, रुंद पडवी, पडवीला लाकडी कठडा, समोर कलमांची रांग. ऐकणारा म्हणायचा, मोठंच घर म्हणायचं. मी म्हणायचो, छे हो, कोकणातलं साधं घर. हा साधेपणा मला फार शोभायचा.

हे घर खोटं नव्हतं. ते तिथे होतं. फक्त ते आमचं नव्हतं — तो सरकारी डाक बंगला होता. माझे वडील तिथे पाणी भरायचे. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे होतं : मातीच्या भिंती, पुढे कौलं, मागे पेंढा. पहिल्यांदा सांगताना मी मुद्दाम खोटं बोललो का? खरंच आठवत नाही. आठवण अर्धवट होती आणि अर्ध्या आठवणीत भर घालायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढेपुढे मात्र मला माहीत होतं. पेंढ्याखालून उठून मी त्या पडवीत राहायला गेलो, आणि तिथून खाली उतरायची मला कधी गरज वाटली नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. मे महिना. माझा सहकारी विनायक इतिहास शिकवतो. त्याच्या फियाटमधून आम्ही पावसला एका ओळखीच्या बागायतदाराकडे गेलो होतो. परतताना मागच्या सीटवर हापूसच्या पेट्या, आणि विनायकच्या डोक्यात एकच — तुझं ते घर दाखव. मी निर्धास्त होतो. रस्ता रुंद झाला, झाडं गेली, मला काही ओळखू येणार नाही, असं मी त्याला सांगत होतो आणि मलाही ते पटत होतं.

मग गाडी एका वळणावर कलली आणि माझ्या पोटाने ते ओळखलं. डोळ्यांनी नाही हो, पोटाने. वळणाच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड, भोवती करवंट्या, ड्रायव्हर लोकांनी टाकलेली नाणी. आमच्याकडे त्याला वाटेचा राखणदार म्हणतात. येणारी-जाणारी वाहनं नाणं टाकतात, पण वर्षाचा नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं — म्हणजे देवाला मोठ्याने विनवणी करायची — तो मान एका घराचा असतो. तो आमच्या घराचा होता. वडिलांचा कडक आवाज मला गाडीत ऐकू आला.

मी विनायकला काही बोललो नाही. पण चढाने त्याच्या फियाटला वाफ आली, आणि रेडिएटरसाठी पाणी मागायला तो थांबला तो नेमका आमच्या घरासमोर. समोर बंगला पिवळ्या सरकारी रंगात, पाटीसकट उभा. मी म्हणालो, आमचं घर आणखी पुढे होतं, पडलं असणार.

घरातून एक बाई बाहेर आल्या. लुगडं आखूड नेसलेल्या, हातात कळशी. मी त्यांना लगेच ओळखलं — भागीकाकी. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे राहायच्या. आईला ताप आला की मी त्यांच्याकडे जेवायचो. आता त्या आमच्या घरात राहत होत्या. त्यांनी कळशी विनायकच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“तुमी अप्पाभावजींचे तर नाय?” त्या म्हणाल्या. “असे मागं हात बांदून भावजीच उभे रायचे.”

अप्पा म्हणजे माझे वडील. विनायक बॉनेट उघडत होता. दोन हातांवर होता.

“नाही,” मी म्हणालो. “आम्ही पुण्याचे.” आणि हात पुढे घेतले.

हे ते. एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. माणूस संकोचाने नाव लपवतो. पण त्या हसल्या, “नाय तर नाय, पानी प्या आदी,” म्हणाल्या आणि गूळ घेऊन आल्या. विनायकला इतिहासाची खोड. त्याने दगडाकडे बोट करून विचारलं, हा देव तुमचा का?

“मान त्या भावजींचा, हात आमचा,” काकी म्हणाल्या. “भावजी मुंबयला गेले तवा आमच्या ह्यांना बोलले, मी येयपर्यंत घरात रावा, नारल तुमी द्या. आता येयपर्यंत म्हंजे कदीपर्यंत, ते इचारायचं रायलं.” आणि स्वतःच खळखळून हसल्या. “तवापासून त्यांच्या नावानं देतो. पोरग्याच्या पन. बालू म्हनायचो आमी. खरं नाव ध्यानात नाय. देवाला काय, बालू म्हटलं तरी कलतं.”

मग त्यांनी सांगितलं की त्यांचा रघू ट्रक चालवतो, ह्याच रस्त्याने, रात्री-बेरात्री. आणि त्याच्यासाठी त्यांना गाऱ्हाणं घालता येत नाही. मान दुसऱ्याचा आणि मागणं आपलं, असं कसं चालेल? मान असलेल्या घरातल्या कुणीतरी येऊन त्यांच्या हातात एक नारळ द्यायला हवा, आता तुमचं तुम्ही घाला असं म्हणायला हवं. मग त्या रघूचं नाव घ्यायला मोकळ्या.

“घ्या की नाव,” विनायक म्हणाला, “कोण बघतंय?”

“कुनी बगत नाय, म्हनून तर जपायचं,” काकी म्हणाल्या.

मी गूळ खात होतो. जाताना त्या म्हणाल्या, “पुन्या-मुंबयला कुटं तो बालू भेटला, तर येवडं सांगा.” शहरात माणसं अशीच भेटतात, असं त्यांना वाटत असावं. की — की मलाच सांगत होत्या? त्यांनी मला ओळखलं होतं आणि मला जपलं? हा प्रश्न मी पुष्कळ रात्री उलटसुलट केला आहे.

“सांगतो,” मी म्हणालो.

गाडीत मी स्वतःला समजावलं की माझा असल्या गोष्टींवर विश्वासच नाही, मग कसला मान आणि कसली परवानगी? मोठा तर्कशुद्ध विचार होता. पण विश्वास माझा कुणी मागितला होता? मागितला होता एक नारळ आणि एक वाक्य. मातीच्या भिंतींसमोर, विनायकच्या देखत, ते वाक्य म्हणायचं म्हणजे पडवी, कठडा, कलमांची रांग सगळं त्या शेंदरी दगडापुढे उतरवून ठेवायचं. तेवढं माझ्याने झालं नाही. पुढे एकटा जाऊन सांगता आलं असतं. ते तर आणखी सोपं होतं. मी गेलो नाही. पत्रही टाकलं नाही.

काही वर्षांनी रत्नागिरीत एका संस्थेने माझा सत्कार ठेवला. ‘कोकणचा सुपुत्र’ असं पत्रिकेत होतं. मी गेलो. हो, गेलो — इतकं सगळं लिहून ठेवणारा मी. वक्त्याने माझ्या चिरेबंदी घराचं वर्णन केलं, माझ्याच लेखातलं. शाल घसरली, मी सावरली, श्रीफळ घेतलं. चेहरा कसा केला असेन ते तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परत निघालो. पिशवी मांडीवर, पिशवीत तो नारळ. वळणावर ड्रायव्हरने नेहमीसारखी गाडी थांबवली आणि नाणं टाकायला उतरला. मी खिडकीशी होतो. दगडापाशी भागीकाकी उभ्या होत्या. पार वाकल्या होत्या. समोर नारळ ठेवलेला, हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. कुणाची नावं घेतायत ते मला ठाऊक होतं, आणि कुणाचं घेत नाहीत तेही.

ड्रायव्हर परत वर चढेपर्यंत वेळ होता. उतरायला पुरेसा होता.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी सोडली, आणि पुन्हा बांधली. कंडक्टरने घंटी मारली. वळण संपल्यावर मी सरळ बसलो.

नारळ पुण्याला आला. त्याची चटणी झाली. मी खाल्ली.