स्वतःच्याच दारावर टकटक

साऱ्या बडोद्यात माझ्याइतकी भित्री प्राध्यापिका दुसरी झाली नाही, अशी माझी वर्षानुवर्षं खात्री होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये नेमकी विभागप्रमुखांच्या खुर्चीत बसून डबा उघडला, ते दारात दिसताच मी लोणच्यासकट उडाले, आणि त्या लाजेने पुढचं अख्खं वर्ष जिन्याखाली उभ्याने जेवले. अक्कल बेताची, ताठा मात्र पीएचडीचा! पण गेल्या वर्षी निजामपुऱ्यातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत परभणीची एक मुलगी भाड्याने आली आणि तिने माझा विक्रम मोडला.

ही नुकतीच विद्यापीठात लागलेली; भूगर्भशास्त्र शिकवते. खिडकीत ओढण्यांशेजारी धुतलेले दगड वाळत असतात. पन्नास मिनिटांच्या तासासाठी पाच तास तयारी, आणि वहीत ‘इथे थोडं हसणे’ असंही लिहिलेलं. शिपायाला सर म्हणते. शेवउसळ तिखट लागली तर गाडीवाल्याचीच माफी मागते. आणि स्वतःच्या केबिनमध्ये शिरण्याआधी दारावर टकटक करते. “आत कोण असतं गं?” मी विचारलं. “कुणी नाही, आजी. पण एकदम कसं शिरायचं?”

मी पोटभर हसून घेतलं. मग एका रविवारी ती हळूच म्हणाली, “चार महिने झाले, दुपारी माझ्याशी कुणी बोललेलं नाही. दार लावून एकटीच जेवते. राजीनामा लिहिलाय, आजी. उद्या देते.”

माझं हसू आटलं. सोमवारी सकाळी वीस थालीपिठं लावली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलू देता सांगितलं, “बडोद्याची प्रथा आहे. नव्या माणसाने विभागाला घरचं खाऊ घातल्याशिवाय त्याचा राजीनामासुद्धा घेत नाहीत.”

“खरंच?”

“मग! इथेच नोकरीत केस पिकले माझे.”

भोळी ती, घेऊन गेली. दिवसभर माझा जीव टांगणीला. संध्याकाळी रिकामा डबा ओट्यावर आपटून म्हणाली, “फसवलंत ना मला?”

“फसवलं.”

“सगळे म्हणाले, ‘अहो बेन, असली काही प्रथा नाही.’ खाल्लं मात्र सगळं. उद्यापासून मी त्यांच्यातच जेवायचंय म्हणे.”

“आणि राजीनामा?”

“राहिला पर्समध्ये. ऐका तर. आमचे विभागप्रमुख सगळ्यांत शेवटी आले, उरलेलं एक थालीपीठ उचललं न् म्हणाले, ‘कोण म्हणतं प्रथा नाही? फार जुनी आहे. माझ्या वेळी मात्र मला कुणी सांगितली नाही.’”