खडीसाखर विरघळेपर्यंत

"हे कशासाठी?" असं ते विचारायचे आणि कानामागची बोटभर पेन्सिल काढायचे. पेन्सिल बाहेर आली की समजायचं, आता काहीतरी खोडलं जाणार.

विश्रांतवाडीतल्या आमच्या हॉलवर तुम्ही कधी आला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. विहाराच्या मागे समाजमंदिर, त्यात संध्याकाळी वजन उचलणारी दहाबारा पोरंपोरी, आणि दाराशी लोखंडी स्टुलावर बसलेला पांढऱ्या शर्टातला हा म्हातारा. उभी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. तरुणपणी स्वतः वजनं उचललेली. कुणी 'वस्ताद' म्हटलं की सांगायचे, "वस्ताद तालमीत असतात. मी नुसता बघणारा." म्हणून पोरं त्यांना बघणारे काका म्हणत. तसे तुम्हीआम्हीही बघणारेच. फक्त आपल्याला बघितलं की लगेच बोलायचं असतं.

मला तर फारच. मी शनिवार पेठेत वाढलेला, शाळेत खेळाचा शिक्षक, आणि संध्याकाळी या हॉलवर शिकवायला येणारा. पहिल्या दिवशी मी "नमस्कार" म्हणालो, ते "जय भीम" म्हणाले, आणि पुढचे दोन महिने आमचं बोलणं साधारण एवढंच होतं.

एकदा आयटीतला एक तरुण नवेकोरे महागाचे बूट घालून आला. मोबाईलवर पंचवीस व्हिडिओ साठवलेले. "काका, माझ्या टेक्निकसाठी बेस्ट ड्रिल कोणता?" काकांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आधी लेस बांधण्याचा." मी हसलो. माझ्याही वहीची पाळी येणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे करुणा नावाची मुलगी होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, अंगाने लहान, पण उचलायला बसली की नजर हलायची नाही. तिचा स्नॅच, म्हणजे जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर नेण्याचा प्रकार, मी येण्याआधी चांगला होता. हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते. मी आलो, मी तिला 'सुधारायला' घेतलं, आणि वर्षभरात लागोपाठ दोन स्पर्धांत तिच्या स्नॅचच्या तिन्ही संधी बाद झाल्या. तिन्ही गेल्या की खेळाडू बादच, पुढचं काही मोजत नाहीत. दुसऱ्या स्पर्धेनंतर बुटांची पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली, "सर, आता आणखी एकाच स्पर्धेला जाते. जमलं नाही तर बास." रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन काकांसमोर उभा राहिलो. वहीत तिच्या सरावाचे चौदा ड्रिल होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"हे कशासाठी?"

मी सांगितलं.

"आणि हे?"

तेही सांगितलं. चौथ्या ओळीला मी अडखळलो. "व्हिडिओत होतं," म्हणालो.

"व्हिडिओतल्या माणसाची चूक करुणा करते का?"

"नाही."

"मग त्याचं औषध तिला कशाला पाजता, सर?"

पेन्सिल फिरत राहिली. ज्याचं कारण मला एका वाक्यात सांगता येईना, ते प्रत्येक खोडलं गेलं. मग ते कारखान्यातलं बोलू लागले, जे ते क्वचितच बोलत. "मशीन आवाज करायला लागलं की नवीन पोरगं चार नट एकदम फिरवतं. आवाज जातो. पण कशानं गेला ते कळत नाही, आणि आठवड्यानं परत येतो. एका वेळेला एकच नट फिरवायचा."

करुणाची चूक मलाही दिसत होती. बार गुडघ्याच्या वर आला की ती पाय ताठ होण्याआधीच कोपर वाकवायची, मग बार अंगापासून लांब जाऊन पुढे पडायचा. काकांनी चौदातला एकच ड्रिल ठेवला. बार गुडघ्याच्या जरा वर आणायचा, हात सरळ ठेवून दोन आकडे मोजेपर्यंत थांबायचं, आणि मग पायांनी जमीन ढकलून पुरं करायचं. तेवढंच, तेही हलक्या वजनावर.

ड्रिलमध्ये पोरीचं सुरेख जमायला लागलं. थांबा काढून सलग उचलायला सांगितलं की चूक परत हजर! दहा दिवस हेच. मी वैतागून म्हणालो, "काका, तुमचा ड्रिल चालत नाही."

"ड्रिल चालतोय," ते म्हणाले. "जरा चहा सांगून या."

मी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन आलो. हॉलच्या खिडकीपाशी पोचलो आणि थबकलो. करुणाने आत पन्नास किलो सलग उचलले होते, हात सरळ, बार डोक्यावर पक्का. मी घाईने आत शिरलो. "परत कर बघू!" तिने बार धरला, तो जमिनीवरून सुटला, आणि मी नेहमीसारखा गरजलो, "खेच!" बार पुढे पडला.

काकांनी तिला जवळ बोलावलं. "सर 'खेच' म्हणतात तेव्हा तू काय करतेस गं?"

"खेचते की," ती म्हणाली. "हातानं."

यापेक्षा सरळ उत्तर नाही. वर्षभर मी तिला जी चूक करू नकोस म्हणून शिकवत होतो, तीच ऐन वेळी ओरडून करून घेत होतो. ड्रिलमध्ये मी मनात आकडे मोजायचो, म्हणून गप्प असायचो. म्हणून तिथे तिचं जमायचं.

"ओरडणं हा पण ड्रिलच, सर," काका चहा बशीत ओतत म्हणाले. "आणि हा तुम्ही तिच्याकडून सगळ्यात जास्त करून घेतलात."

मला राग आला. खरं सांगायचं तर दोन दिवस मी हॉलवर गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा स्टुलावर कागदाची पुडी ठेवलेली होती. पुडीत खडीसाखर.

"एक खडा तोंडात धरायचा. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, चावायचा नाही. ती उचलताना एक खडा, असं आठ दिवस. हा तुमचा ड्रिल."

"आणि हा कशासाठी?" मी जरा खोचकपणे विचारलं.

"एका वाक्यात सांगू?" ते म्हणाले. "पोरीला स्वतःचे पाय ऐकू यावेत म्हणून."

शनिवार पेठेतल्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही. पहिल्या दिवशी मी तीन खडे कडाकडा चावले. आठवड्याच्या शेवटी मात्र मला एक गोष्ट कळली: न बोलता बघितलं की जास्त दिसतं. करुणाची टाच कधी उचलते, श्वास कधी सुटतो, हे मी इतक्या दिवसांत पाहिलंच नव्हतं. या माणसावर माझं प्रेम बसलं ते त्या आठवड्यात. त्यांना मात्र मी तसं कधी सांगितलं नाही.

स्पर्धेच्या महिनाभर आधी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. "आता तिकडंच राहतो म्हणा," ते म्हणाले. जाताना कानामागची पेन्सिल करुणाला दिली आणि मला पुडी. स्टूल दाराशीच राहिलं. त्यावर बसू नका असं कुणाला सांगावं लागत नाही, तरी कुणी बसत नाही.

स्पर्धा स्वारगेटच्या पलीकडच्या एका हॉलमध्ये होती. करुणाचं नाव पुकारलं. मी मंचाच्या पडद्याशी उभा, आणि पुडी पिशवीत. बार जमिनीवरून सुटला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खेच!" बार पुढे पडला. करुणाने माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. गालावर बोट ठेवून तिने खूण केली: खडा कुठाय?

मी पिशवी उपसली. दुसऱ्या वेळी खडा तोंडात होता. हात सरळ राहिले, पण बार जरा जास्तच मागे गेला आणि हातून पडला. बादच, पण ही चूक नवी होती, आणि तिची स्वतःची होती. ती परतली तेव्हा मान हलवत होती, काय झालं ते तिला कळलेलं दिसत होतं. आता एकच संधी उरली. मी दुसरा खडा तोंडात टाकला आणि दोन्ही हात खिशात कोंबले. तिने बार धरला. तो जमिनीवरून सुटला, गुडघ्यावरून गेला, पाय ताठ झाले, आणि ती बारखाली बसली. मग उठली. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले, म्हणजे उचल मान्य.

मी तिथूनच नागपूरला फोन लावला.

"ओरडलात?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वेळी."

"तिसऱ्या वेळी?"

"खडा होता तोंडात."

"चावला?"

"नाही काका. विरघळला."

"मग उचललं असणार," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.