सुभद्रेचा आवाज

मोर्शीच्या खुशालरावांची सुभद्रा सिनेमात गेली, तेव्हा गावाला आठ दिवस दुसरा विषय नव्हता. अमरावतीच्या शाळेत संमेलनातलं तिचं नाटक पाहून पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. खुशालरावांनी आकांडतांडव केलं. सुभद्रेच्या आईनं, गोदाबाईंनी, दोन वाक्यांत त्यांचा पारा उतरवला. "पोरगी चोरी तं नाही करून राहिली ना? जाऊ द्या तिले!"

गोदाबाईंचे डोळे काचबिंदूनं गेले होते. लेकीचं काम त्यांना दिसणार नव्हतं. पण ऐकायला तर येणार होतं. तेवढ्या एका आशेवर त्यांनी दोन वर्षं काढली.

१९५७ साली पहिला सिनेमा अमरावतीला लागला. सुभद्रा नायिका! मायलेकी एस.टी.नं आल्या. एक गोष्ट मात्र सुभद्रेनं घरी कळवलीच नव्हती. कंपनीला तिचा चेहरा पसंत होता, बोलणं नव्हतं. 'फार वऱ्हाडी वाटतं' म्हणून नाकानं कांदे सोलणाऱ्या त्या मंडळींनी तिच्या तोंडी दुसऱ्याच बाईचा आवाज घातला होता.

गोदाबाई तीन तास जिवाचा कान करून बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू कवा बोलली वं? मले तं आयकूच नाही आलं."

सुभद्रेनं रडत खरं ते सांगितलं. गोदाबाई रागावल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये लेकीचा हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "इतकी दूर गेली, अन् मुकीच राहिली माही बाय."

ते तिच्या काळजाला लागलं. आणखी दोन सिनेमांत ती नायिका झाली, तेही उसन्या आवाजात. गोदाबाई ऐकायला गेल्या नाहीत. चौथ्या वेळी सुभद्रेनं सांगून टाकलं, "नायिका दुसरी बघा. मला मजूरबाईचं दोन मिनिटांचं काम द्या, पण बोलणार मी."

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली, म्हणून लोक हसले. हसोत बापडे! त्यानंतर तिला नायिकेचं काम पुन्हा कुणी दिलं नाही, हेही खरं.

१९६२ साली तो सिनेमा अकोल्याला लागला. सुभद्रा आईला घेऊन गेली. अर्धा खेळ संपला. पडद्यावर दमलेली मजूरबाई घराशी आली आणि तिनं हाक मारली, "माय, कवाड खोल वं! मी आलो!"

"आलो वं बाय, थांब!" गोदाबाई ताडकन उठल्या आणि दोन्ही हात पुढे करून अंधारात कवाड चाचपू लागल्या.

सगळं थिएटर हसलं. सुभद्रेनं उठून ते हात धरले.