नऊ दिवसांची चौकट

इताउगुआ गावाच्या मागच्या वस्तीत न्या (म्हणजे तिकडच्या भाषेत बाई) देसिदेरिया ओवेलारशी हुज्जत घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. २००९ च्या हिवाळ्यात, तिकडे तो मे-जूनमध्ये येतो, एका ब्लॉगनं तो प्रयत्न केला, तेव्हा जाणत्या माणसांना ब्लॉगचीच कीव आली. बाई एकसष्ट वर्षांची, नवरा कधीच गेलेला. उभा जन्म न्यांदुतीची जाळी विणण्यात गेला होता. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर दोऱ्यांची चक्रं भरायची, खळ द्यायची आणि सगळ्यात शेवटी मागचं कापड कातरून टाकायचं, की नुसती जाळी हातात येते. संगणकाशी तिचा संबंध आला तो केवळ टेलिफोनमुळे.

ब्लॉग होता देवळाच्या समितीचा. वस्तीतल्या निम्म्या बायका स्पेनात, मालागाला, तिथल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेल्या. त्यांना इथलं कळावं म्हणून पाद्रीबाबांच्या भाच्यानं कुठूनशी एक फुकटची थीम आणून तो उभा केला आणि महिन्याभरात स्वतःच मालागा गाठलं. टेलिफोनची तार एकट्या देसिदेरियाच्या घरात, म्हणून समितीचा संगणक तिच्या पुढच्या खोलीत येऊन बसला. अशा रीतीनं बाई संपादक झाल्या.

मे महिन्यात सुईण न्या कांदिदा वारली. देसिदेरियानं शनिवारी बातमी टाकली. रविवारी फुटबॉल मंडळानं तिच्याच खोलीत येऊन तीन-एकचा विजय आणि अकरा फोटो टाकले, सोमवारी सोडत आली, मंगळवारी बारसं. ब्लॉगचा कायदा साधा: नवं ते वर, जुनं ते खाली. मेलेल्या माणसाचा कायदा वेगळा असतो. त्याच्यासाठी नऊ दिवस जपमाळ म्हणायची, जो जिथं असेल तिथं त्यानं त्या नऊ दिवसांत मेणबत्ती लावायची. नवव्या दिवशी मृताच्या नावानं घरात मांडलेली पायऱ्यांची वेदी उतरवायची, चिपा नावाचे चीजचे छोटे पाव, त्या वाटायच्या आणि संपलं. नंतर लावलेली मेणबत्ती म्हणजे पंगत उठल्यावर पोचलेलं आमंत्रण.

दहाव्या दिवशी मालागाहून वस्तीतल्याच एलिहियाचा फोन आला. "मावशी, मी जन्मले ती तिच्या हातात! आणि मला काय कळलं, तर तीन-एक! ती गेलेली नाही कळली. आम्हा एकीचीही मेणबत्ती नाही गं!"

देसिदेरियाला इतकी लाज वाटली की तिनं फोन ठेवला तोच शपथ घेऊन. यापुढे वस्तीत कुणी गेलं, तर त्याची बातमी काळ्या चौकटीत, सगळ्यांच्या वर, नऊ दिवस. खाली मग फुटबॉलवाले नाचोत.

सांगायला सोपं होतं. पण त्या थीममध्ये बातम्यांच्या वर काही ठेवायची सोयच नव्हती. तिनं चौकट सरकवली, ती पार तळाला कॅलेंडरखाली जाऊन बसली. इंटरनेटवरच्या कुठल्याशा मंचावर एका सज्जनानं लिहिलं होतं, 'शीर्षक संपतं तिथं ही ओळ घाला, दोन मिनिटांचं काम.' शीर्षक तीन ठिकाणी संपत होतं. तिनं मधलं निवडलं. चौकट वर आली खरी, पण पाद्रीबाबांच्या हसऱ्या फोटोभोवती. मालागाहून सांत्वनाचे चार फोन आले आणि पाद्रीबाबा स्वतः सायकल मारत आले.

"न्या देसिदेरिया, मी जेवलो आत्ताच. पोटभर. मेलेला माणूस एवढं जेवत नाही."

"मग फोटोत जरा कमी हसा," ती म्हणाली. चुकली की ती असंच बोलायची.

या उद्योगात तिला साथ होती काराई, म्हणजे श्रीयुत, फ्रेतेसची. निवृत्त तारबाबू. संगणकातलं त्याला तिच्याइतकंच कळत होतं, म्हणजे काही नाही. तो रोज सकाळी आपलं माते, तो कडू पाल्याचा चहा, आणि एक जाड वही घेऊन यायचा, शेजारी बसून पडद्यावरचं काहीतरी उतरवायचा आणि 'हे काही होत नाही' एवढंच म्हणायचा.

जूनमध्ये मात्र खेळ उरला नाही. देसिदेरियाची थोरली बहीण एमेरेन्सियाना आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे. एमेरेन्सियानानं लग्न केलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं वस्तीतल्या पोरींना जाळी शिकवली, आणि त्याच पोरी आता मालागात होत्या.

"देसी," ती आतून ओरडली, "मला फुटबॉलच्या खाली पुरू नकोस हं."

"ताई, अभद्र बोलू नकोस."

"अभद्र कसलं? मला पोटची पोर नाही. त्या पोरींनी मेणबत्ती लावली नाही तर कोण लावणार, फुटबॉलवाले?"

त्या दिवसापासून देसिदेरिया कंबर कसून बसली. आणि तिथंच तिच्या हातून ती चूक झाली. ती चूक जाळी विणणारीच करू जाणे. थीमचा साचा उघडला की ओळींचं जंगल दिसायचं. तिनं मनाशी ठरवलं, यातल्या ज्या ओळी पानावर कुठंच दिसत नाहीत, ते मागचं कापड. जाळी झाली ना विणून? मग कापड कातरायचं. दोन तासांत तिनं साच्याचा अर्धा भाग कातरून टाकला आणि ऐटीत 'जतन करा' दाबलं.

ब्लॉग पांढराफटक झाला. सगळं पान ढासळून उरला तो मजकुराचा एक लांबलचक ढीग. जुना साचा कुठंच नव्हता. भाच्याला फोन केला. "मावशी, प्रत घेतली नव्हती का?" एवढं विचारून त्यानं हात वर केले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतून ताईचा खोकला ऐकू येत होता आणि देसिदेरियाला आत जाऊन तोंड दाखवायचा धीर होईना.

काराई फ्रेतेसनं शांतपणे माते संपवलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. एकसष्ट पानं. सबंध साचा, ओळ न् ओळ, स्वल्पविरामासकट, तारबाबूच्या टपोऱ्या अक्षरात.

"हे... हे कशाला उतरवलंत?"

"प्रत ठेवल्याशिवाय तार पाठवायची नाही. छत्तीस वर्षांची सवय आहे, बाई."

"अहो, मग मी कातरत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?"

मग नऊ दिवस रोज सकाळी तो वाचत राहिला आणि ती एका बोटानं टंकत राहिली. सहाव्या सकाळी सगळं पान तिरकं होऊन उजव्या बाजूला कोसळलं. फ्रेतेस म्हणाला, हे काही होत नाही. देसिदेरियानं त्याला गप्प बसवलं. टंकताना तिच्या एक लक्षात आलं होतं, की इथं जे जे उघडतं ते ते पुढं कुठंतरी बंद होतं. चौकटीवर दोरा मधून निघाला की परत मध्याशी यायलाच हवा, नाहीतर सगळं चक्र ओढलं जातं. तिनं टंकलेल्या प्रत्येक उघडणाऱ्या खुणेला वहीत लाल दोऱ्याचा तुकडा चिकटवला, बंद होणारीला निळा. लाल एकशे चौदा भरले, निळे एकशे तेरा. हरवलेला निळा सापडायला अख्खी सकाळ गेली. तो सापडला तिथंच, बातम्या सुरू व्हायच्या जरा वर, चौकटीला हवी तेवढी जागा होती.

तिनं दिवंगत आईचं नाव घालून पाहिलं. चौकट वर बसली. खाली सोडत टाकली, बारसं टाकलं, चौकट हलली नाही. मग दोघांनी संगणकाचा जड पडदा उचलून ताईच्या दारात नेला.

"आईचं काय दाखवतेस? माझं घाल," ताई म्हणाली. "नंतर मला दिसणारेय का?"

देसिदेरियानं ते घातलं, पण जतन केलं नाही, नुसतं पडद्यावर दाखवलं. ताईनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "किनार पातळ कर. मी काही मंत्री नाही."

तिनं किनार पातळ केली.

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी पहाटे ताई गेली. सकाळी चौकट ब्लॉगवर होती. रविवारी फुटबॉल मंडळानं अंतिम सामना जिंकला आणि चौदा फोटो टाकले. ते निमूटपणे चौकटीच्या खाली जाऊन बसले. खाली मालागाहून एकेक उत्तर येऊ लागलं. एलिहियानं मेणबत्ती लावली. दोघी बहिणींनी भाड्याच्या खोलीत लावली. एकीनं मालकिणीच्या न्हाणीघरात लावली, बाहेर धूर चालत नाही म्हणून. बहुतेकींनी मेणबत्तीखाली ताईनं शिकवलेलं पहिलं चक्र ठेवलं होतं. आठव्या दिवसापर्यंत एकतीस झाल्या. देसिदेरियानं त्या प्रत्येकीचं नाव वेदीपुढे मोठ्यानं वाचलं.

नवव्या दिवशी वेदी उतरली, चिपा वाटून झाल्या, माणसं पांगली. देसिदेरिया संगणकापुढे बसली.

"राहू द्या की आणखी दोन दिवस," काराई फ्रेतेस म्हणाला. "कोण विचारतंय?"

"नऊ म्हणजे नऊ. उद्या दुसऱ्या कुणाला ती जागा लागेल."

तिनं आधी त्या ओळी वहीत उतरवल्या, निळा दोरा चिकटवला, मग एकेक करून पुसल्या आणि जतन केलं. तिला वाटलं होतं, काहीतरी ढासळेल. काहीच ढासळलं नाही. कॅलेंडर जागच्या जागी होतं, पाद्रीबाबा हसत होते, फुटबॉलची पोरं करंडक घेऊन सगळ्यात वर आली होती. ताई नव्हती आणि पान मात्र तिच्यावाचून अगदी सरळ उभं होतं. याचाच तिला भयंकर राग आला, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा ती फ्रेतेससमोर ढसाढसा रडली. त्यानं वही मिटली आणि माते भरायला घेतलं.